स्वप्नाची तालीम

वाईट स्वप्नांवर उपचार असतो, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. माझी थोरली बहीण सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये ती कोविड वॉर्डात होती. लाट ओसरली, वॉर्ड पुन्हा नेहमीसारखा झाला, पण ताईची झोप गेली ती गेलीच. पहाटे दचकून उठायची आणि उजाडेपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहायची. आईने दृष्ट काढली, उशाखाली अडकित्ता ठेवला. त्यात माया होती, पण स्वप्न काही हटलं नाही. पुढे पुढे तर ताई झोपायलाच घाबरू लागली. टीव्हीसमोर रेटून जागायची, आणि असं जागरण साठलं की स्वप्नं आणखी जोर धरायची.

शेवटी ती मानसोपचार विभागात गेली, सोबत मी. तिथल्या मॅडमनी आधी बारीक चौकशी केली. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का? (त्यांतल्या काहींनी भयंकर स्वप्नं पडू शकतात. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.) घोरता का? झोपेत हातपाय झाडता का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बहुतेक स्पष्ट स्वप्नं ज्या झोपेत पडतात, त्या आरईएम झोपेत शरीराचे स्नायू एरवी सैल पडलेले असतात. तो सैलपणा गेला की माणूस स्वप्नातली मारामारी अंथरुणात खरोखर करतो. उतारवयात असं सुरू झालं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावंच. पार्किन्सन्सची ती कित्येक वर्षं आधीची खूण असू शकते. पहाटेचं कारणही तिथेच कळलं. आरईएम झोप साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे तिचा वेळ वाढत जातो.

मग वही निघाली. मॅडमनी शिकवलेल्या पद्धतीला इमेजरी रिहर्सल म्हणतात. बॅरी क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवर केलेला तिचा अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ही पद्धत शिकवली त्यांची दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. कृती ऐकायला अगदी साधी आहे. जागेपणी स्वप्न लिहायचं, त्यात आपल्याला हवा तो बदल करायचा आणि ते बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. सगळ्यात भयंकर स्वप्नाला मात्र आधी हात लावायचा नाही. ताईने सुरुवात औषधांच्या कपाटाची किल्ली हरवल्याच्या स्वप्नापासून केली.

मोठ्या स्वप्नाची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसली. मग लिहिलं: ऑक्सिजन सिलिंडरच्या मीटरचा काटा खाली येतोय, फ्लोमीटरमधली गोळी तळाला बसलीय, मी चावी फिरवतेय आणि ती फिरत नाही. एवढंच. पेशंटचा चेहरा लिहिलाच नाही, मॅडमनीही आग्रह धरला नाही. ‘आता तुम्हाला हवं तसं बदला,’ म्हणाल्या.

मला वाटलं, ताई पेशंटला वाचवेल. तिने आधी भिंतींचा रंग बदलला. वॉर्डाच्या हिरव्या भिंती आमच्या गावच्या घरासारख्या पांढऱ्या केल्या. मग आमच्या आळीतले सायकलदुरुस्तीवाले काका पाना घेऊन आत आले. त्यांनी चावी ढिली केली, गोळी वर चढली, आणि ताई खुर्चीवर बसून चहा प्यायली. मी काहीतरी सुचवायला गेले, तर मॅडमनी हातानेच थांबवलं. बदल ज्याचा त्यानेच करायचा, मग तो दुसऱ्याला कितीही विचित्र वाटो. मला या उपचारातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. त्या वॉर्डात ताईच्या हातात काहीच उरलं नव्हतं. इथे भिंतीच्या रंगापासून सगळं तिच्या मनाचं होतं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. रोज दुपारी डोळे मिटून तेच पांढरे कोपरे, तेच काका, तोच चहा. जुनं स्वप्न घोळवायचं नाही, तालीम फक्त नव्याची. जोडीला सकाळी उठायची वेळ पक्की, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचं. सुरुवातीला फरक दिसेना. मग हळूहळू स्वप्नाच्या रात्री विरळ झाल्या. आता ते कधीतरी पडतं, पण ताई कूस बदलून पुन्हा झोपते.

या उपचाराने सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीवरही डॉक्टरांची मोठी आशा होती, पण २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ती नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही. तरीही प्रयत्न करून पाहण्याजोगं बरंच काही हाताशी आहे. लोक मधुमेह सांगतात, गुडघे सांगतात, स्वप्नं मात्र डॉक्टरांना सांगत नाहीत. तुमच्या घरात कोणी रात्रीला घाबरत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.