पिशवीतून आलेला विषाणू

सत्तरच्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या हिमोफिलियाच्या रुग्णांच्या घरी, फ्रिजमध्ये रक्त गोठायला मदत करणाऱ्या फॅक्टर आठच्या बाटल्या दिसू लागल्या. सांध्यात रक्त साकळलं की इस्पितळ गाठायचं, तासन्‌तास प्लाझ्मा लावून पडून राहायचं, हे संपलं. भुकटी विरघळवायची, सुई टोचायची आणि शाळेत जायचं. पण ती भुकटी हजारो जणांचा प्लाझ्मा एकत्र करून बनत असे. त्यांत पैशासाठी प्लाझ्मा देणारे अमेरिकेतले कैदीही होते. एकाला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसची लागण असली तरी सगळी खेप बाधित. इंग्लंडमधल्या ट्रेलोर या शाळेत 1970 ते 1987 दरम्यान हिमोफिलियाची 122 मुलं शिकली. त्यांतली जेमतेम तीसेक वाचली. ब्रिटनमध्ये या बाधित रक्ताच्या चौकशीचा अहवाल यायला मे 2024 उजाडला. चौकशीचे प्रमुख सर ब्रायन लँगस्टाफ यांनी या प्रकाराला अपघात म्हणायला साफ नकार दिला.

आपल्याकडे तेव्हा फॅक्टर परवडायचा कुणाला? इथला रुग्ण क्रायोवर (प्लाझ्मा गोठवून मिळवलेल्या साक्यावर), ताज्या प्लाझ्मावर भागवायचा. क्रायोची एक पिशवी म्हणजे एकच दाता, त्यामुळे धोका त्या मानाने कमी. गरिबीने दिलेलं हे संरक्षण फार टिकणारं नव्हतं. 1985 च्या सुमारास परदेशात फॅक्टरवर उष्णतेची आणि मग सॉल्व्हंट-डिटर्जंटची प्रक्रिया होऊ लागली, त्यातले विषाणू मरू लागले. आपला क्रायो मात्र दात्याच्या तपासणीच्या भरवशावर राहिला.

ती तपासणीही हप्त्याहप्त्याने आली. 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या चमूला एचआयव्ही आढळला. 1989 मध्ये रक्ताची चाचणी सक्तीची झाली. (त्याच वर्षी गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला लागण आढळली म्हणून चक्क कोंडून ठेवलं होतं. भीती निघाली ती दात्यावर!) रक्त विकणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे 1998 पासून बंदी आली. हिपॅटायटिस सीचा विषाणू 1989 मध्येच ओळखला गेला होता, पण त्याची चाचणी सक्तीची व्हायला 2001 साल लागलं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मधल्या बारा वर्षांत किती पिशव्या झाल्या असतील, हिशेब करा. त्यांतून हिपॅटायटिस सी झालेल्यांना 2015 नंतर देशी सोफोसबुविर या औषधाच्या बारा आठवड्यांच्या कोर्सने हात दिला. एचआयव्हीवर असा कोर्स नाही.

हिमोफिलियाचा रुग्ण हळूहळू रक्तापासून सुटला. आधी प्रयोगशाळेत घडवलेला फॅक्टर आला, मग त्वचेखाली टोचायचं एमिसिझुमॅब हे औषध. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र अस्थिमज्जा प्रत्यारोपण जमलं नाही, तर रक्ताची पिशवीच. 2011 मध्ये जुनागढला अशी 23 मुलं एचआयव्हीबाधित निघाली. 2022 मध्ये नागपुरात चार, त्यांतलं एक दगावलं. दात्याला नुकतीच लागण झाली असेल तर साध्या चाचणीत ती काही आठवडे दिसत नाही. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी नॅट चाचणी हा काळ बराच आखडते. नागपूरच्या घटनेवेळी ती देशभर सक्तीची नव्हती. खर्चाचं कारण सांगितलं जातं. पण एका दात्याचं रक्त लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असं तीन रुग्णांना जाऊ शकतं, हे त्या हिशेबात धरलेलं दिसत नाही.