अर्धस्वयंचलित पिस्तुलाची विश्वसनीयता

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची विश्वसनीयता एखाद्या भागाच्या उत्कृष्टतेत नसून सर्व भागांच्या परस्परप्रमाणात असते. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने घेतलेल्या चाचणीत जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या कोल्ट पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. ते एकदाही अडले नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तूल मात्र ३७ वेळा अडले. रणांगणावर असे एक अडणेही सैनिकाच्या जिवावर बेतू शकते.

ब्राउनिंग यांच्या रचनेत गोळी सुटताच नळी व तिच्यावरील स्लाइड परस्परांत अडकलेल्या स्थितीत किंचित मागे सरकतात. वायूचा दाब उतरल्यावर नळीचे मागील टोक खाली येते. स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते. नंतर स्प्रिंग तिला पुढे लोटते आणि ती मॅगझिनमधील वरचे काडतूस नळीत सारते.

स्प्रिंग फार कडक किंवा काडतुसातील दारू कमी असेल, तर स्लाइड पुरेशी मागे जात नाही व पुंगळी मध्येच अडकते. स्प्रिंग सैल असेल, तर स्लाइड पूर्णपणे मिटत नाही. मॅगझिनच्या तोंडाच्या कडा वाकल्या, तर काडतूस तिरपे चढते. मनगट ढिले असले, तरी स्लाइडला मिळणाऱ्या धक्क्याचा काही अंश वाया जातो. म्हणजे मनुष्याचा हातही या यंत्राचा एक घटक ठरतो.

म्हणूनच सुटे भाग तपासून पिस्तुलाविषयी निर्णय देता येत नाही. प्रत्यक्ष वापरातील काडतुसे त्यातून पुनःपुन्हा झाडूनच तो द्यावा लागतो.