स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि रक्तशर्करेची घट

वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया आपल्या व्यापारी समाजास आता नवी राहिलेली नाही. दिवसभराची गादीवरील बैठक, सणासुदीचे मिष्टान्न आणि पाठोपाठ येणारा मधुमेह ह्यांस कंटाळून कित्येकांनी तिचा आश्रय घेतला आहे. श्री. नितीन गडकरी ह्यांनी २०११ साली मुंबईस ती करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिची पुष्कळ चर्चा झाली. तिचे गुण सांगितले जातात ते खरेच आहेत. परंतु तिच्यामागून वर्ष-दोन वर्षांनी काही रुग्णांस जो एक विकार जडतो, त्याविषयी घरच्या मंडळींस फारसे कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. चाळीस वर्षे धान्याचा ठोक व्यापार करणारा एक मॅट्रिक झालेला मनुष्य आहे. तथापि धाकट्या बंधूच्या निमित्ताने हा विकार आमच्या विद्यानगरच्या घरात पाच वर्षे वस्तीस आहे आणि आमच्या अज्ञानापायी एकदा त्याचे प्राण संकटात आले होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बंधूची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे लोटली होती. सकाळची न्याहारी करून तो पेढीवर येई आणि अकराच्या सुमारास त्याला दरदरून घाम सुटे, हात कापत, आकड्यांची बेरीज चुके. खाणे कमी झाल्याने अशक्तता आली, असा आम्ही सर्वांनी तर्क केला. एका डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. आम्ही लिंबाचे गोड सरबत पाजत असू. त्याने तत्काळ बरे वाटे आणि दीड-दोन तासांनी पुन्हा तोच प्रकार होई. त्या वर्षी अक्षय तृतीयेस एका आप्ताच्या वर्षीतपाचे पारणे कुलपाकजीस होते. सर्वांबरोबर बंधूनेही मोठ्या भावाने पेलाभर उसाचा रस घेतला, वर शिऱ्याचे दोन घास खाल्ले. परतताना मोटार तोच चालवीत होता. भोनगीर मागे पडले आणि त्याचे बोलणे तुटक झाले, नजर शून्य झाली, मोटार रस्ता सोडून शेताच्या कडेला उतरली. शेजारी बसलेल्या पुतण्याने हँडब्रेक ओढला म्हणून पुढचा अनर्थ टळला. इस्पितळात तपासले तेव्हा साखर ४१ भरली. ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात आणि ५४ च्या खाली धोक्याची.

असे का व्हावे, हे मला आमच्या वखारीच्या दृष्टान्ताने समजले. जठर हे वखारीचे फाटक होय. ते एक-एक पोते आत सोडते. १९६६ साली अमेरिकेतील डॉ. एडवर्ड मेसन ह्यांनी सुरू केलेल्या बायपास पद्धतीत जठराची एक लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. स्लीव्ह नावाच्या पद्धतीत जठराचा बराच मोठा भाग कापून नळीसारखा भाग उरवितात. दोहोंतही फाटकाचा बंदोबस्त ढिला होतो, बायपासमध्ये विशेष. मग गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की सगळा माल एकदम आतड्यात उतरतो व साखर झपाट्याने चढते. आतड्यातून जीएलपी-१ नावाचे द्रव्य भरमसाट सुटते, त्याच्या हाकेने स्वादुपिंड इन्सुलिन ओतते. गाडीभर माल आला म्हणून पन्नास हमाल बोलवावे, माल अर्ध्या तासात उचलला जावा आणि रिकाम्या हमालांनी मग वखारीतील शिल्लक मालही उचलू लागावे, तशी ही गत आहे. म्हणून घट जेवणानंतर एक ते तीन तासांनी येते. खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत मळमळ, पोटात कळ व जुलाब होतात तो प्रकार निराळा. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ साली अशा सहा रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली, तेव्हापासून ह्या विकाराकडे वैद्यकाचे विशेष लक्ष गेले.

आता आमची चूक ध्यानात येईल. घट होते ती न खाल्ल्याने नव्हे, तर खाल्लेल्या वस्तूच्या जातीने. सरबताचा पेला म्हणजे वखारीवर आणखी एक गाडी!

उपाय मुख्यत्वे ताटातच आहे. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. प्रथम डाळ, पनीर किंवा दही, मग भाजी आणि शेवटी भाकरी. पिष्टमय अंश एका जेवणात सुमारे ३० ग्रॅमच्या आत ठेवण्यास आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले. ज्वारीच्या ४० ग्रॅम पिठाची एक लहान भाकरी झाली की तो हिशेब पुरा होतो. ज्वारी मीच विकतो, परंतु तिची दुसरी भाकरी चालेल असे मी म्हणणार नाही. साखर, गूळ, मध, फळांचा रस वर्ज्य. जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. उलट १९५८ साली कुन्नूरहून आपल्या हैदराबादेत आलेल्या, तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची कोष्टके पाहावीत: मुगाच्या डाळीत शंभरात सुमारे २४ भाग प्रथिन, हरभऱ्याच्या डाळीत २१-२२, तांदळात जेमतेम ८. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दही व डाळ निरनिराळ्या वेळी घ्यावी. वेळा पाच-सहा असल्याने ते सहज साधते.

व्रतनियमांचा विचार मात्र स्वतंत्रपणे केला पाहिजे. चौविहार पाळणारा मनुष्य साडेपाचला जेवला तर त्याची घट सूर्यास्तानंतर, सात ते साडेआठच्या दरम्यान येणार आणि तेव्हा तो तोंडात काही घालणार नाही. म्हणून सायंकाळचे जेवण गोडाविना व अगदी अल्प पिष्टाचे असावे आणि पच्चक्खाणातील आगारांविषयी महाराजसाहेबांस अगोदर स्पष्ट विचारून ठेवावे. आम्ही विचारले, औषधाची मोकळीक आहे, असे उत्तर मिळाले. एकासण्यात सारा आहार एकाच बैठकीत येतो, म्हणून अशा रुग्णास ते अधिक जड. ज्याची साखर निव्वळ उपाशीपोटी उतरते त्याचा विकार दुसराच असू शकतो, त्याने डॉक्टरांकडून निराळी तपासणी करवावी. पारण्याचा उसाचा रस, तोही रिकाम्या पोटी, ह्या रुग्णांनी कपाळी लावून बाजूस ठेवावा. आग्रह करणाऱ्या मंडळींनीही हे ऐकावे.

एवढे करूनही झटका आलाच, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी साखर मोजावी व सावरल्यावर पनीर किंवा मूठभर शेंगदाणे द्यावेत, म्हणजे दुसरा झोला येत नाही. ज्यास अकार्बोज हे औषध चालू आहे त्याला घरातील साखर वेळेवर उपयोगी पडत नाही, कारण ते औषध तिचे पचनच रोखते. त्यास ग्लुकोजच हवे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालू नये. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. आणि हा विकार असलेल्या मनुष्याने जेवणानंतर साखर मोजल्यावाचून मोटारीच्या चाकास हात लावू नये.

बंधूच्या गल्ल्यात आता ग्लुकोजची पुडी आणि साखर मोजण्याचे यंत्र असते. दंडावर चिकटवायची चकती मिळते, ती दिवसरात्र साखर दाखविते. पहिला महिना तीही लावली होती. पुडीस एक चिठ्ठी टाचली आहे: ‘मला घाम सुटून मी असंबद्ध बोलू लागलो तर सरबत देऊ नये, ह्यातील तीन चमचे द्यावेत.’ मुनीमजींनी ती तेलुगूतही लिहून घेतली आहे, कारण दुपारी पेढीवर बहुधा हमालच असतात.