नकाशावरची रेषा आणि गाडीचा थांबा

कोकणातून किंवा सोलापूरकडून मुंबईला जायचे ठरले की पूर्वी घरात पहिला प्रश्न असायचा, ‘सोबत कोण आहे?’ मुंब्र्याला खालाच्या घरी लग्न असो, परळच्या रुग्णालयातली तारीख असो की हज हाऊसमधले काम असो. लोकलची माहिती असलेले मामू किंवा चाचा बरोबर असल्याशिवाय आई-बहिणी निघत नसत. आज तीच माहिती मोबाईलवरच्या नकाशात आहे. शिकणारी मुलगी आपल्या दादीला घेऊन नकाशा बघत शहर पार करते. ही सोय लहान नाही. मात्र नकाशातली रंगीत रेषा काय सांगते आणि काय सांगत नाही, हे ठाऊक असेल तरच ती उपयोगी पडते. म्हणून या लेखात आम्ही ती रेषा थोडी उलगडून पाहणार आहोत.

रेषा येते कुठून?

ऑनलाइन नकाशात लोहमार्ग दोन प्रकारे दिसतो. साध्या नकाशात रूळ बारीक राखाडी रेषेने काढलेले असतात. त्यात लोकलचे, मेल-एक्सप्रेसचे, मालगाड्यांचे आणि यार्डातलेही रूळ येतात. सार्वजनिक वाहतुकीचा पर्याय सुरू केला की प्रवासी मार्ग ठळक रंगांत उमटतात.

ही रंगीत माहिती बहुधा वाहतूक संस्थांकडून येते. स्थानकांची जागा, वेळापत्रक, मार्गाचे नाव आणि रंग हे सर्व एका ठरावीक नमुन्यात दिले जाते. हा नमुना २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गुगल यांच्या सहकार्यातून सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला. त्यात मार्गाची वळणे देणे सक्तीचे नाही. ती दिली नसतील तर नकाशा एका स्थानकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढतो. गाडी इमारतींवरून किंवा खाडीतून गेल्यासारखी दिसते ती यामुळेच.

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा वेगळा आहे. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा मुख्यतः स्वयंसेवक भरतात. त्यावर बांधकाम सुरू असलेले मार्गही तुटक रेषेने दिसतात. तुटक रेषा पाहून मेट्रो पकडायला निघू नये, एवढे लक्षात ठेवले तरी एक हेलपाटा वाचेल.

हजार वर्षांपूर्वीचे सरळ रस्ते

मेट्रोच्या डब्यात लावलेला नकाशा मोबाईलपेक्षा निराळा असतो. त्यात मार्ग सरळ आणि स्थानके सारख्या अंतरावर असतात. या पद्धतीचे श्रेय लंडनच्या हॅरी बेक यांना दिले जाते. विजेच्या जोडण्यांची रेखाचित्रे काढणाऱ्या या माणसाने १९३१ मध्ये भुयारी रेल्वेचा आराखडा तयार केला आणि १९३३ मध्ये तो छापला गेला. गाडीत बसलेल्याला रस्त्याची वळणे नकोत, कुठे उतरायचे आणि कुठे बदलायचे तेवढे हवे, हे त्यांनी ओळखले.

पण सरळ रेषांनी प्रवास दाखवण्याची कल्पना त्याहून फार जुनी आहे. दहाव्या शतकात अल-इस्तखरी या भूगोलतज्ज्ञाने ‘किताबुल मसालिक वल ममालिक’ म्हणजे मार्ग आणि मुलखांचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या नकाशांत समुद्र, डोंगर आणि नद्या साध्या आकारांत आहेत, मार्ग सरळ रेषांत आहेत आणि दक्षिण दिशा वर आहे. अंतर मात्र शेजारच्या मजकुरात असे. एका गावाहून दुसऱ्या गावाला किती मजला पडतात ते तिथे वाचायचे. चित्र आणि मजकूर मिळून नकाशा पूर्ण होई. मोबाईलवरची रेषाही अशीच वाचायला हवी. तिच्यासोबतचा मजकूर म्हणजे थांब्यांची यादी आणि वेळापत्रक.

मुंब्र्याचे उदाहरण

मध्य रेल्वेवर ठाणे आणि दिवा यांच्यामध्ये कळवा व मुंब्रा ही स्थानके आहेत. नकाशावर इथून एकच रंगीत रेषा जाते. जमिनीवर सहा मार्गिका आहेत. पूर्वी जलद लोकल १९१६ साली खुल्या झालेल्या पारसिक बोगद्यातून जात आणि मुंब्रा बाजूलाच राही. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर जलद लोकल कळवा-मुंब्र्याकडून जाऊ लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. पण मार्गावर स्थानक आहे म्हणून गाडी थांबते असे नाही. दादरहून कल्याण जलद पकडली तर मोबाईलवरचा निळा ठिपका मुंब्र्यावरून जाताना दिसतो आणि कुटुंब उतरते ते थेट दिवा किंवा डोंबिवलीला. हातात सामान, कडेवर मूल आणि संध्याकाळची गर्दी असेल तर ही चूक महागात पडते.

उपाय सोपा आहे. नकाशाने सुचवलेल्या गाडीवर बोट ठेवले की थांब्यांची यादी उघडते. आपल्या स्थानकाचे नाव त्या यादीत आहे का, ते बघावे. फलाटावरच्या इंडिकेटरवर धीमी की जलद, हेही वाचावे. एम-इंडिकेटरसारख्या ॲपमध्ये लोकलचे वेळापत्रक मिळते, त्याच्याशी पडताळून पाहावे. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉकची बातमी आधी वाचावी. गाड्या बंद असल्या तरी नकाशावरची रेषा तशीच राहते.

दोन नावे, एक पूल

नकाशावर पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी आणि मध्य रेल्वेचे परळ ही दोन वेगळी स्थानके दिसतात. प्रत्यक्षात ती पादचारी पुलाने जोडलेली आहेत. परळच्या रुग्णालयांत येणाऱ्यांना हे माहीत असले तर दादरला उतरून गाडी बदलावी लागत नाही. तसेच मेट्रो ७ चे गुंदवली आणि मेट्रो १ चे पश्चिम द्रुतगती महामार्ग ही स्थानके नावाने वेगळी, पण पुलाने जोडलेली आहेत. पूल किती अरुंद आहे, जिने किती आहेत, गर्दी केवढी आहे, हे मात्र रेषा सांगत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी प्रभादेवीच्या, म्हणजे तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडच्या, पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. वयस्कर माणसे बरोबर असतील तर गर्दीची वेळ टाळणे हाच शहाणपणा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड असा पूर्ण सुरू झालेला मेट्रो ३ हा मार्ग जवळपास सगळा जमिनीखाली आहे. अशा स्थानकाची खूण नकाशात एका जागी असते. प्रवेशद्वारे मात्र अनेक असतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. आत मोबाईलला जागेचा अंदाजही नीट येत नाही. म्हणून बाहेर पडण्याआधी फलकावरचे प्रवेशद्वाराचे नाव वाचावे आणि न्यायला येणाऱ्याला तेच कळवावे.

नकाशा कोण दुरुस्त करणार?

अल-इस्तखरीची भेट इब्न हौकल या प्रवाशाशी झाली. माझे नकाशे तपासून दुरुस्त कर, असे इस्तखरीने त्याला सांगितले, ही नोंद इब्न हौकलने स्वतः करून ठेवली आहे. ज्याने रस्ता तुडवला त्याच्याकडून नकाशा सुधारून घ्यायचा, ही ती रीत.

ती आपल्यालाही चालू ठेवता येईल. स्थानकाचे प्रवेशद्वार चुकीचे दिसले, पूल बंद झालेला दिसला, तर बहुतेक नकाशांत तसे कळवण्याची सोय आहे. आपल्या वस्तीतला जिना किंवा लिफ्ट कुठे आहे, हे तिथल्या रहिवाशाइतके कोणाला ठाऊक असणार? घरातल्या मुला-मुलींना एखाद्या सुट्टीत हे काम शिकवावे. आणि नकाशा बघायला फक्त मुलग्यांनी शिकावे असे नाही. ज्या घरात अम्मी आणि नानीलाही थांब्यांची यादी उघडता येते, तिथे दवाखान्याची तारीख सोबतीअभावी चुकणार नाही.