भय आणि हास्य यांची फसलेली सांगड

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेचीं कांहीं मुलें व मी जालन्याच्या एका चित्रपटगृहांत भुताखेतांचा एक विनोदी मराठी चित्रपट पाहावयास गेलों होतों. चित्रपट थोडक्या खर्चांत काढलेला होता. त्यांत पडका वाडा होता, पांढरें पातळ नेसलेली हडळ होती आणि घटकेघटकेस कानठळ्या बसविणारा आवाज होता; पण कोणी घाबरलें नाहीं व कोणी फारसें हंसलेंहि नाहीं. परत येतांना एका मुलानें विचारलें, "सर, भूत खोटें दिसत होतें म्हणून भीति वाटली नाहीं, हें समजलें, पण हंसूं कां आलें नाहीं?" प्रश्न मार्मिक आहे. त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

पैसा कमी पडला, हें कारण प्रथम सुचतें. पण तें खरें नव्हे. १९४२ सालीं अमेरिकेंत जाक तुर्नर यांनीं 'कॅट पीपल' हा चित्रपट फार थोड्या खर्चांत काढला. त्यांत एक तरुणी रात्रीं पोहण्याच्या तलावांत एकटी सांपडते. भिंतीवर सांवल्या हलतात, गुरगुर ऐकूं येते. श्वापद मात्र दिसत नाहीं. तरी प्रेक्षकाच्या अंगावर कांटा येतो, कारण उरलेलें चित्र तो स्वतःच्या मनांत काढतो. रात्रीं जोंधळ्याची राखण करणारा आपल्याकडील म्हातारा मुंजाची गोष्ट सांगतो, तेव्हां हेंच करतो. तो ओरडत नाहीं. उलट आवाज खालीं आणतो व मध्येंच थांबतो.

आतां हास्याकडे वळूं. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या 'झपाटलेला' या मराठी चित्रपटांत तात्या विंचू नांवाच्या गुंडाचा आत्मा एका बाहुल्यांत शिरतो. तो बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनीं तयार केला होता. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या घाबरून जें सांगतो तें इतरांस पटत नाहीं, आणि आपणांस हंसूं येतें. १९४८ च्या 'ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन' या अमेरिकन चित्रपटांतहि हीच युक्ति आहे. लठ्ठ कॉस्टेलोस राक्षस दिसतात. ॲबट पाहावयास येतो तेव्हां तेथें कांहींच नसतें. दोन्ही ठिकाणीं भूत आपलें काम गंभीरपणें करतें. हास्यास्पद होतो तो माणूस. भीतीनें मन ताणलें जातें, आणि तो ताण एकदम सुटला कीं हंसूं फुटतें. ताणच नसेल तर सुटणार काय? आम्हीं पाहिलेल्या चित्रपटांतील हडळ स्वतःच कोट्या करीत होती. तिचें भय गेलें, आणि भयाबरोबर विनोदाचा आधारहि गेला. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर हें आहे.

त्या चित्रपटांत आणखी एक दोष होता, आणि तो माझ्या मनास अधिक लागला. अंगांत भूत शिरलें असें समजून एका स्त्रीस खांबाला बांधून मारतात, व तेथें प्रेक्षकांनीं हंसावें अशी अपेक्षा होती. मागच्या रांगेंतून कांहीं जण हंसलेहि. आमच्यांतील एक मुलगा मात्र मान खालीं घालून बसला होता. मीं त्याला कांहीं विचारलें नाहीं. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं माणसास बांधणें वा मारणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे. भित्र्या माणसाच्या फजितीस हंसणें निराळें आणि पीडिताच्या वेदनेस हंसणें निराळें. पहिल्या हास्यानें सर्वांचीच भीति सैल होते. दुसऱ्यानें ती भोगणारा एकटा पडतो.

स्नेहसंमेलनांत भुताचा फार्स बसवूं इच्छिणाऱ्या मुलांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. चादर एकच असली तरी चालेल. पण भुतास थट्टा करूं देऊं नका, घाई करूं नका, आणि ज्याला खरोखर दुखतें आहे त्याला हंसण्याचा विषय करूं नका. पालकांनींहि मुलें चित्रपट पाहून घरीं आलीं म्हणजे "आवडला का?" एवढेंच न विचारतां "कोणाला हंसलास?" हेंहि विचारावें.