कॉप्टिक: माणसं आहेत, भाषा घरातून गेली

आज इजिप्तच्या कॉप्टिक भाषेबद्दल बोलूया.

पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या भाषेचं हे शेवटचं रूप. जुन्या लिप्या मागे पडल्या आणि लोक तीच भाषा ग्रीक अक्षरांत लिहायला लागले. 'श'सारखे आवाज ग्रीकमध्ये नव्हतेच. मग त्यांच्यासाठी जुन्या डेमॉटिक लिपीतून सहा-सात अक्षरं घेतली.

याचा फायदा पुढे शांपोल्यों या फ्रेंच अभ्यासकाला झाला. तो कॉप्टिक शिकलेला होता. १८२२ साली एका राजाच्या नावात त्याला आधी सूर्याचं चित्र दिसलं आणि शेवटी दोन 'स'. कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे 'रे'. मधल्या चिन्हात 'म' धरला, आणि नाव निघालं रामसेस! चित्रलिपीचं कुलूप असं उघडलं.

मग ही भाषा बोलणारे कुठे गेले? कुठेच नाही. सातव्या शतकात अरब सत्ता आली. आधी कारभार अरबीत गेला, मग हळूहळू बाजार, मग घर. आज कॉप्ट ख्रिस्ती लोक घरी अरबी बोलतात. कॉप्टिक ऐकू येते ती चर्चच्या प्रार्थनेत.

आता माझ्या कामातली गोष्ट. युनिकोडने कॉप्टिकला आधी ग्रीकमध्येच धरलं होतं. २००५ मध्ये, ४.१ आवृत्तीत, तिला स्वतंत्र कोड मिळाले. गंमत म्हणजे डेमॉटिकमधून आलेली, खास इजिप्तची सात अक्षरं अजूनही जुन्या ग्रीक ब्लॉकमध्येच आहेत!

मला यातून एकच कळलं. लिपी, ग्रंथ, फॉन्ट सगळं असूनही भाषा घरातून जाऊ शकते. तुमच्या घरात कुठली भाषा चालते? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!