ध्वनिपातळीचे समानीकरण

ध्वनिपातळीचे समानीकरण (नॉर्मलायझेशन) म्हणजे निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांच्या पातळीत ठरावीक वाढ किंवा घट करून ती सारख्या मोठ्या आवाजात ऐकू येतील अशी करण्याची प्रक्रिया होय. निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेली गाणी एकाच ऑडिओ सीडीवर उतरवताना तिचा विशेष उपयोग होतो.

पार्श्वभूमी

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरवलेल्या मानकानुसार ऑडिओ सीडीवर प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदवले जातात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. नमुन्याच्या कमाल मूल्याला शून्य डेसिबल मानतात. इतर सर्व पातळ्या त्याखाली ऋण अंकांत मोजल्या जातात. या मर्यादेत आवाज किती मोठा ठेवावा, यावर मानकाचे बंधन नाही. १९९० च्या दशकापासून अनेक व्यावसायिक सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात तयार होऊ लागल्या. त्यामुळे कॅसेटवरून उतरवलेल्या जुन्या भावगीतानंतर नवे चित्रपटगीत लागले, की श्रोत्याला आवाज कमी करावा लागतो.

प्रकार

शिखर समानीकरणात प्रत्येक गाण्यातील सर्वोच्च नमुना एकाच पातळीवर आणला जातो. ही पद्धत सोपी असली तरी अपुरी आहे, कारण आवाजाचा मोठेपणा कानाला क्षणिक शिखरावरून नव्हे, तर मुख्यतः सरासरी पातळीवरून जाणवतो. उदाहरणार्थ, पहिल्या गाण्याचे शिखर उणे ३ व सरासरी उणे २० डेसिबल, तर दुसऱ्याचे शिखर शून्य व सरासरी उणे १२ डेसिबल आहे असे मानू. शिखरे जुळवल्यावर पहिल्याची सरासरी उणे १७ होते. तरीही ५ डेसिबलचा फरक उरतो.

मोठेपणावर आधारित समानीकरणात सरासरी जुळवली जाते. मानवी कान सुमारे २ ते ५ किलोहर्ट्झच्या वारंवारतांना अधिक संवेदनशील असल्याने मोजमापात वारंवारतेनुसार भार दिला जातो. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ साली मांडलेली रिप्लेगेन पद्धत आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे २००६ सालचे बीएस. १७७० हे मानक याच तत्त्वावर आधारलेले आहे.

सीडीसाठी वापर

रिप्लेगेन मूळ ध्वनी न बदलता फाइलमध्ये केवळ दुरुस्तीचा आकडा नोंदवते. साधा सीडी प्लेअर तो वाचत नाही. म्हणून सीडी लिहिण्यापूर्वी प्रत्यक्ष नमुन्यांतच बदल करावा लागतो. तो मूळ फाइलऐवजी तिच्या प्रतीवर करणे श्रेयस्कर ठरते.

वरील उदाहरणात पहिले गाणे ८ डेसिबलने वाढवल्यास त्याची शिखरे शून्याच्या वर जाऊन छाटली जातात. या दोषास क्लिपिंग म्हणतात. त्यामुळे आवाज फाटतो आणि छाटलेला भाग नंतर पातळी कमी करूनही परत मिळत नाही. म्हणून पहिले गाणे ३ डेसिबलने वाढवून दुसरे ५ डेसिबलने कमी करणे योग्य ठरते. एका बिटाची व्याप्ती सुमारे ६ डेसिबल असल्याने एवढ्या घटीने गुणवत्तेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

मर्यादा

समानीकरणाने संपूर्ण गाण्याची पातळी एकाच प्रमाणात बदलते. त्यातील हळू व मोठ्या भागांमधील अंतर तेवढेच राहते. हे अंतर कमी करण्याची प्रक्रिया, म्हणजे कॉम्प्रेशन, वेगळी आहे. पातळी वाढवताना कॅसेटची खरखरही तितकीच वाढते. तसेच एकाच मैफलीतील विलंबित व द्रुत ख्याल स्वतंत्रपणे समान केल्यास त्यांच्यातील स्वाभाविक चढउतार नाहीसा होतो. अशा वेळी संपूर्ण मैफलीला एकच दुरुस्ती लावली जाते.